मागच्या सीटवरचे काका

त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवायचा प्रयत्न केलेली तीन माणसं मला ठाऊक आहेत, आणि तिघांनीही नंतर कानाला खडा लावला. एक आमच्या कंपनीचे मोठे साहेब, दुसरा काकांचा स्वतःचा जावई, आणि तिसरी मी. मोठ्या साहेबांनी तर स्वतः पुढचं दार उघडून धरलं होतं. काकांनी मागचं दार उघडलं, चपला काढल्या, आत शिरून सीटवर मांडी घातली आणि म्हणाले, "चला साहेब." चपला काढल्या त्या गाडीबाहेर, रस्त्यावर. गाडी निघून गेली आणि चपला गेटवर वॉचमनच्या ताब्यात राहिल्या. त्या दिवशी ग्राहकाच्या कंपनीतल्या गालिच्यावर काका अनवाणी मीटिंगला बसले. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं तर म्हणाले, "गेटवर हायेत. जाताना घालतो."

आमची कंपनी चाकणला आहे. गाड्यांचे शॉकअप बनवते. चाक खड्ड्यात आपटलं की जो दणका बसतो, तो माणसापर्यंत पोचायच्या आत जिरवणारी ती तेल भरलेली नळी म्हणजे शॉकअप. काका आमच्या टेस्टिंग विभागाचे प्रमुख होते. मूळचे लातूरकडचे. पोटासाठी तरुणपणी भोसरीत आले, एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिले, मग आमच्या कंपनीत शिरले ते रिटायर होईपर्यंत. 'सर' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "सर शाळंत असतात. हितं शिकवायला कोण बसलंय?" म्हणायचे. आणि मग तासभर शिकवायचे.

त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'मागची सीट' म्हणत. कंपनीची बस चिंचवडहून सुटायची तेव्हा पुढच्या सीटांसाठी रोज रेटारेटी. शिकलीसवरलेली माणसं खिडकीतून डबा आत टाकून जागा धरायची. आणि हे गृहस्थ सगळ्यात शेवटी चढून सगळ्यात मागे, बरोबर चाकाच्या वर जाऊन बसायचे. तिथं हाडं खिळखिळी व्हायची. तिथं बसून ते रस्त्यातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला शेरा द्यायचे. "हा शहाणा." "हा आडमुठा." "हा कुणाच्या तरी मेव्हण्यानं केलेला." चाकण रस्त्यावर एकदा रातोरात एक नवा उंचवटा उगवला, पट्टे नाहीत, पाटी नाही. दुसऱ्या दिवशी काका चुन्याची पिशवी घेऊन बसमध्ये चढले. तिथं आल्यावर ड्रायव्हरला थांबायला लावलं, खाली उतरले आणि दोन्ही बाजूंची वाहनं अडवून त्यावर वाकून वाकून पट्टे ओढले. अख्खी शिफ्ट वीस मिनिटं उशिरा. सुपरवायझर लालबुंद झाला होता. काका हात झटकत वर चढले आणि म्हणाले, "झालं. आता दिसायला तरी माणसावाणी दिसतंय."

मला ते सुरुवातीला अजिबात आवडले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मी चाकणशेजारच्या निघोज्याची. आमच्या घरातली डिप्लोमा झालेली पहिली मुलगी. कंपन्या आमच्याच जमिनींवर उभ्या राहिल्या आणि आमच्याच गावातल्या पोरी त्यात नुसत्या पॅकिंगला जातात, याचा मला लहानपणापासून संताप. मी मशीनवर जाणार म्हणून हट्टानं शिकले. तर इंटरव्ह्यूला समोर हे. माझे मार्क बघितले नाहीत, सर्टिफिकेटं उलटी ठेवली आणि विचारलं, "घरी गाडी हाय?"

"आहे. वडलांची मोठी गाडी आहे."

"तू कुठं बसतीस?"

मी ताठ बसून म्हटलं, "मी चालवते."

मला वाटलं, खूश होतील. आमच्या गावात तेव्हा गाडी चालवणारी बाई म्हणजे मी एकटी. काका नाक खाजवत म्हणाले, "मग तुला गाडीतलं काय कळणार? चालवणाऱ्याच्या हातात स्टेअरिंग असतंय, त्याला खड्डा आधी दिसतो, त्याची पाठ आधीच तयार होते. गाडी कशी हाय ते मागं बसणाऱ्याला विचारावं." असा राग आला मला! घरी येऊन आईला सांगितलं, त्या येड्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी काम करणार नाही. दोन दिवसांनी बोलावणं आलं आणि मुकाट गेले.

त्यांची चाचणी घ्यायची रीत अख्ख्या पट्ट्यात दुसरीकडे कुठे नसेल. आमच्याकडे महागडं मशीन होतं. शॉकअप त्यात उभा आवळायचा, मशीन त्याला वरखाली दाबणार, स्क्रीनवर आलेख येणार, आलेख हिरव्या रेषांच्या आत असला की पास. काका मशीनला नावं ठेवायचे नाहीत. सगळं मशीनवर करून घ्यायचे. पण नंतर तोच शॉकअप गाडीला बसवायचा, गाडी निघोज्याच्या जुन्या रस्त्याला न्यायची, मागच्या सीटवर कुणालातरी बसवायचं, त्याच्या मांडीवर चित्रकलेची वही आणि हातात पेन्सिल द्यायची आणि हुकूम सोडायचा, "लिही तुझं नाव. थांबू नको. गाडी थांबंस्तोवर लिहीत राहा."

उतरल्यावर ती वही ते उजेडात धरून बघायचे. अक्षर लांब लांब वाहवत गेलं असेल तर शॉकअप मवाळ, गाडी डोलते आहे. अक्षराला बारीक काटे फुटले असतील तर शॉकअप कडक, रस्त्यावरचा खडान् खडा पाठीला कळतो आहे. आणि पेन्सिलीनं कागद फाटला असेल तर गाडी दणक्यात तळाला टेकते आहे, तिथं हलायला जागाच उरलेली नाही. अशा कितीतरी वह्या त्यांच्या कपाटात होत्या. वेल्डर, कॅन्टीनवाल्या मावशी, ट्रेनी इंजिनिअर, सगळ्यांची नावं वेडीवाकडी नाचलेली. नवीन पोरं हसायची. काका म्हणायचे, "मशीन खोटं बोलत नाही रे. पण मशीनला पाठ नाही."

काकूंची तऱ्हा आणखी निराळी. "लग्न झाल्यापास्नं मला पुढं बसवलं नाही या माणसानं," त्या मला म्हणाल्या होत्या. "माहेरी जायचं तर मागं बसायचं अन् किराण्याची यादी लिहायची. उतरल्यावर यांनी ती वाचायची. दुकानदाराला नाही, यांना दाखवायची!" हे सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. काका शेजारी बसून गंभीरपणे मान डोलवत होते, "हाव. तिचं अक्षर लई चांगलं. लगेच बिघडतं."

एकदा मात्र ही वही सगळ्या कंपनीला नडणार असं वाटलं होतं. एका मोठ्या ग्राहकासाठी नवा शॉकअप तयार झाला. मशीनवर सगळं हिरवं. माल पाठवायची तारीख ठरलेली. आणि काका सही करीनात. तेव्हाचे मॅनेजर आमच्या विभागात आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "अहो, तुमच्या ड्रॉइंगच्या वहीवर कंपनी चालत नाही!"

काका म्हणाले, "बरोबर हाय साहेब. मग तुम्हीच एकदा मागं बसा. नाव नका लिहू. नुसती सही करा. दिवसातून शंभर वेळा करताव, तुमचा हात बसलेला हाय."

साहेब चिडून गाडीत बसले आणि अर्ध्या तासानं परत आले. काकांनी वही टेबलावर उघडून ठेवली. दोन पानं भरून सह्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. काका अगदी आदरानं म्हणाले, "साहेब, यातली कुठली सही बँकेत चालंल ते सांगा. त्या सहीवर माल पाठवू." साहेब दोन्ही पानं उलटून बघून खो खो हसत सुटले. माल थांबला. आतला व्हॉल्व्ह बदलला. तीन आठवडे आम्ही ओव्हरटाइम केला, काका सगळ्यांबरोबर उभे होते. तो शॉकअप आजही गाड्यांत बसतो. हायवेला त्या मॉडेलची गाडी पुढं दिसली की मी आजही शेजारच्याला सांगते, याच्या मागच्या चाकाजवळ आमचं काम आहे. ऐकणारे कंटाळतात, पण मी सांगायची थांबत नाही.

आता आप्पांचं सांगते. आप्पा माझे वडील. आमची जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा गावात खूप गाड्या आल्या. बहुतेकांनी वर्षा-दोन वर्षांत ठोकल्या, विकल्या. आप्पांनी मात्र त्यांची ती उंच, मोठी गाडी पंधरा वर्षं जपली. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी गाडी पुसायचे, यावरून आईचं आणि त्यांचं रोज वाजायचं. स्वतः कधी चालवायला शिकले नाहीत. मागं बसायचे, खिडकीत कोपर टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत.

त्यांच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पाय लुळे पडल्यासारखे झाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चिंचवडच्या सेंटरला आठवड्यातून तीन दिवस व्यायामाला आणायचं, तीन महिने. पायात ताकद आली तर या तीन महिन्यांतच येईल. नाही आली तर मग आयुष्यभर वॉकर, कदाचित खाटच." निघोज्यापर्यंत घरी येऊन व्यायाम करून घेणारा कुणी मिळेना. बसक्या गाडीत त्यांना वाकून शिरता येईना, कमरेच्या उंचीची सीट हवी. म्हणजे आमचीच गाडी. आणि आमच्या गाडीत पहिल्याच दिवशी आप्पांनी चाकण ते भोसरी टॉवेलचं टोक दातात धरलं होतं.

शॉकअप गेलेत, हे शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं. पण मी तर त्याच धंद्यातली! कोणाला विचारणं मला कमीपणाचं वाटलं. आमच्याकडचे सगळ्यात दणकट, गॅस भरलेले, डोंगराळ रस्त्यासाठीचे शॉकअप मी निवडले. मशीनवर त्यांचा आलेख बघावा तर असा रुबाबदार! मोठी गाडी, खराब रस्ता, आजारी माणूस, मग सगळ्यात भारी वस्तू नको? बसवले, आणि गाडी चालवताना मला स्वर्ग. वळणावर जरा झुकत नव्हती. चिंचवडपर्यंत मी शीळ घालत आले. उतरून मागचं दार उघडलं तर आप्पांचा चेहरा पांढराफटक, डोळ्यांतून पाणी.

"आप्पा, काय झालं?"

"पुन्हा न्हाई येनार मी," ते एवढंच म्हणाले. "मरंस्तोवर खाटंवर ऱ्हाईन. पर ह्या गाडीत न्हाई बसनार."

माझ्या बापाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. जमीन गेली तेव्हाही नाही. त्यानंतर दोन आठवडे ते व्यायामाला गेले नाहीत. तीन महिन्यांतले दोन आठवडे माझ्यामुळे गेले. थोरला भाऊ म्हणायचा, गाडीच विकून टाकू. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि चिंचवडला काकांचं घर गाठलं. तेव्हा ते रिटायर होऊन दोनेक वर्षं झाली होती. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं. "तू कुठं बसली होतीस?"

मी खाली मान घालून म्हटलं, "मी चालवत होते."

बोलले असते तर बरं झालं असतं. काकूंना म्हणाले, "उद्या सकाळचा डबा कर. निघोज्याला जायलोय."

दुसऱ्या दिवशी बस आणि शेअर रिक्षा करत आले. मी आणायला येते म्हटलं तर नको म्हणाले, "रस्ता बघत येतो." आप्पांच्या खाटेजवळ बसले, तब्येतीची चौकशी केली, कुठं दुखतं ते बोट ठेवून विचारून घेतलं. गाडीत बसा असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. बाहेर येऊन भावाला म्हणाले, "तुम्ही चालवा." आणि मला म्हणाले, "आप्पांचा कमरेचा पट्टा बांध अन् त्यांच्या जागंवर बस. तुझी पाठ त्यांचीच हाय." माझ्या मांडीवर चित्रकलेची कोरी वही आली. "त्यांचं नाव लिही."

पंधरा वर्षांत मी आमच्या गाडीत त्या जागेवर एकदाही बसले नव्हते. गाव ओलांडायच्या आत मला कळून चुकलं. चांगल्या डांबरावरसुद्धा कमरेत सुया टोचत होत्या. मी आप्पांचं नाव लिहीत होते आणि प्रत्येक अक्षराला काटे फुटत होते. शाळेच्या पुढच्या स्पीडब्रेकरला असा दणका बसला की पेन्सिल कागद फाडून आरपार गेली. माझा धड असलेला मणका कळवळला. ऑपरेशन केलेल्या माणसाला मी यातून तीस किलोमीटर नेलं होतं, वर शीळ घालत होते. मी रडायला लागले. शेजारी मांडी घालून बसलेले काका समोर बघत म्हणाले, "रड की. पण लिहिणं थांबवू नको."

गाडी तशीच भोसरीला त्यांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीनं तीन जोड समोर मांडले. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगा. कुठले घालू?"

काका एका जुन्या टायरवर बसले आणि डबा उघडला. "मला काय विचारायलीस? मी निवडले तर ते माझे होतील. बाप तुझा हाय. कागद काय म्हणायलाय ते वाच."

वाचला. बारीक काटे सगळीकडे, म्हणजे शॉकअप नको तितका कडक. हे सोपं होतं. पण फाटलेला कागद? इतका कडक शॉकअप तळाला टेकेलच कसा? मी दोनदा म्हटलं, हे जुळत नाही. काका शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकरी खात होते. "जुळत नाही तर जुळंस्तोवर बघ." मी बॅटरी घेतली आणि गाडीखाली शिरले. मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत दोन्ही बाजूंना काळ्या रबराच्या जाड कड्या कोंबलेल्या. स्प्रिंगला दबायला जागाच नाही! शॉकअप कुठलाही घाला, दणका सरळ सीटवर येणार.

"दादा!" मी गाडीखालूनच ओरडले. "हे रबर कुणी घातलंय?"

भाऊ चाचरत म्हणाला, "अगं, लग्नाच्या टायमाला सगळी माणसं भरली की गाडीचं पोट घासायचं. आन् गाडी जरा उचलल्यावानी पन दिसती ना. सगळ्यांनी घातल्यात, राव."

खरंच गावात निम्म्या गाड्यांत ते आहे. गाडी उंच दिसते, म्हणून. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. काका मात्र हात धुवून मला म्हणाले, "आता निवड." कड्या त्यांना आधीच दिसल्या होत्या, सकाळी गाडीत चढतानाच, हे मला काकूंनी पुढं कधीतरी सांगितलं. म्हणजे चार तास हा माणूस माझ्या तोंडून ऐकायला गप्प बसला होता.

मी रबर काढलं. मागं साधे तेलाचे शॉकअप घेतले, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होते त्या मापाचे. तिथल्या तिन्ही जोडांत दिसायला सगळ्यात गरीब. पुढं स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला अख्खा स्ट्रट, दोन्ही बाजूंचा एकदम, वरच्या रबरी बैठकीसकट, कारण जुनी बैठक दगड झाली होती. टायरची हवा भावानं मायलेजसाठी वाढवून ठेवली होती, ती दारावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत उतरवली. एकेका गोष्टीला मी काकांकडे बघत होते आणि काका छताकडे बघत होते.

गाडी घेऊन घरी परतलो, तर आप्पा तयार होईनात. काका खाटेवर बसले आणि म्हणाले, "गावच्या वेशीपर्यंत. दुखलं तर तुम्ही नुसता हात वर करा. मी तुमच्या शेजारी बसतो. तुम्हाला दणका बसला तर तो मलाबी बसंल." कुणीतरी आपला दणका वाटून घेणार, हे आप्पांना पटलं असावं. बसले. काकांनी त्यांच्या मांडीवर वही ठेवली. "नाव लिहा."

मी चालवत होते. आरशात मागं बघायची हिंमत नव्हती. शाळेपुढचा स्पीडब्रेकर आला. गाडी वर चढली, उतरली. मागून आवाज नाही. वेस आली. मी गाडी हळू केली, तर आप्पा म्हणाले, "थांबलीस का? जाऊ दी की." आणि बोलायला लागले. "ह्ये बघा पाव्हणं, ह्यो निळा पत्रा हाय न्हवं, तितं आमचं भुईमुगाचं वावर व्हतं. आन् त्या गेटापाशी हीर. आमी पोरं तितं पवायचो." किती महिन्यांनी आप्पा कण्हण्याशिवाय काही बोलत होते. चाकण गेलं, मोशी गेली, त्यांचं आपलं चालूच. विहिरी, बैल, कुणाच्या बांधावरून कुणाची मारामारी. चिंचवडला पोचल्यावर काकांनी त्यांच्या मांडीवरची वही उचलली. पान कोरं होतं. पेन्सिल टेकवायचंच आप्पा विसरून गेले होते.

काका उतरले, ते कोरं पान मला दाखवलं आणि त्यावर स्वतः सही केली. इतक्या वर्षांत कोऱ्या पानावर त्यांनी केलेली ती एकच सही. मला म्हणाले, "पोरी, आसं काम मला बी कधी जमलं नाही." मी जगात कुठंही जाईन, कुणीही कसलंही सर्टिफिकेट देईल, पण याच्यापेक्षा मोठं काही नसेल.

त्यानंतर आप्पांनी एकही दिवस चुकवला नाही. चुकलेले दोन आठवडेही डॉक्टरांकडून वाढवून घेतले. आधी दोन दांड्यांच्या मध्ये उभे राहिले, मग दहा पावलं, मग काठी. काका पुढं लातूरकडे मुलाजवळ राहायला गेले, अजून तिकडेच असतात. जायच्या आधी त्यांना भेटायला मी आप्पांना घेऊन चिंचवडला गेले. इमारतीखाली गाडी लावली आणि म्हटलं, "आप्पा, तीन जिने आहेत. तुम्ही बसा, मी काकांना खाली बोलावते."

आप्पांनी ऐकून घेतलं नाही. काठी माझ्या हातात दिली, कठडा धरला आणि चढायला लागले. मी मागं, एक पायरी खाली, हात पुढं करून. प्रत्येक मजल्यावर थांबायचे, दम खायचे, परत चढायचे. वर आवाज गेला असणार. काका लगबगीनं खाली यायला निघाले, तर काकूंनी त्यांचा दंड धरला. "थांबा तिथंच. येऊ द्या त्यांना."

शेवटची पायरी चढून आप्पा काकांसमोर उभे राहिले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. कठडा सोडला आणि कशाचाही आधार न घेता त्यांनी दोन्ही हात जोडले. काकांनी ते हात धरून खाली केले.

"मला कशाला? मी नुसता बसून होतो. सगळं हिनं केलंय. जोडायचे तर हिला जोडा."

आप्पा वळले. माझ्याकडे बघून हसले आणि काकांना म्हणाले, "हिला कशाला जोडू? ही तर माझीच हाय."